घोड नदीकाठचे आभासी गाव



शिरूर तालुक्याचे नाव निघाले की आपणा सर्वांच्या मनात प्रथम वढु बुद्रुक येते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक झाल्याशिवाय या वाटेने कोणी पुढे जात नाही. त्यामागोमाग रांजणगावचा महागणपती आठवतो. दौंड म्हटले की भीमा नदी, रेल्वेचे जंक्शन आणि पलीकडच्या तीरावरचे सिद्धटेक. परंतु याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव नावाचे एक गाव आहे आणि त्याचे नाव भारतातील पुरातत्त्वाच्या बहुतेक प्रत्येक ग्रंथात आढळते, हे शिरूर-दौंडच्या किती पदवीधरांना ठाऊक असेल? दिल्लीत तयार झालेल्या, २००६ पासून अनेक वर्षे देशभर शिकवल्या गेलेल्या इयत्ता सहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात इनामगाव होते. हरियाणातला, आसामातला विद्यार्थी त्याविषयी वाचत होता. इकडे शिरूरच्या एस.टी. स्थानकावर उभा असलेला आपला तरुण मात्र त्याविषयी बहुधा अनभिज्ञच राहिला.

इनामगावला काय सापडले, ते आधी पाहू. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही या कार्यातील अग्रगण्य नावे. त्याचा बृहद् अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांची वसाहत उभी राहिली आणि सुमारे २,७०० वर्षांपूर्वी ती ओस पडली. म्हणजे सलग नऊशे वर्षांचा एका गावाचा जीवनपट! तांब्याचा आणि दगडी पात्यांचा वापर एकाच वेळी करणारे हे लोक होते, म्हणून या काळास ताम्रपाषाण युग म्हणतात. एकशे तीसहून अधिक घरांचे अवशेष निघाले. चुली निघाल्या, धान्य साठवण्याच्या जागा निघाल्या, कुंभाराची भट्टी निघाली. जव, गहू, डाळी, वाटाणा, तीळ यांचे जळके दाणे मिळाले. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी केलेला पाट आणि त्यालगतचा दगडमातीचा बांधही मिळाला. तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी पाण्याचे नियोजन होत होते, ही गोष्ट आवर्तनाची वाट पाहणाऱ्या आजच्या शेतकऱ्यालाही विचारात पाडील.

गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते. त्याच्याजवळ धान्याचे कोठार होते. आणि त्या घराच्या अंगणात चार पायांचा, मातीचा एक मोठा रांजण पुरलेला होता. त्या रांजणात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवल्यासारखा ठेवलेला होता.

या ठिकाणी क्षणभर थांबावे. कोण होता तो? गावप्रमुख? पुरोहित? घरातला कर्ता पुरुष? इतर प्रौढ मृतांना जमिनीत सरळ, उत्तरेकडे डोके करून ठेवले जात होते आणि त्यांपैकी बहुतेकांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळली. या रांजणातल्या माणसाची पावले मात्र शाबूत होती. असे का? मृताने उठून चालू नये, भूत होऊन हिंडू नये म्हणून पावले तोडली, असा एक तर्क मांडला जातो. मग या एकाच्या पायांचे भय का वाटले नाही? एखाद्या विद्यार्थ्याच्या तोंडून हा प्रश्न स्वतःहून बाहेर पडला, तर त्या क्षणी त्याचे इतिहासाचे शिक्षण सुरू झाले असे समजावे. आपल्या परीक्षापद्धतीत मात्र ‘इनामगावच्या दफनपद्धतीची वैशिष्ट्ये लिहा, गुण पाच’ एवढाच या सर्वांचा उपयोग उरतो. मार्गदर्शकातले पाच मुद्दे पाठ होतात आणि जूनमध्ये विसरले जातात.

वस्तुतः आपल्या परंपरेत विद्या प्रश्नाच्या वाटेनेच आलेली आहे. एका उपनिषदाचे नावच प्रश्नोपनिषद आहे. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना लगेच प्रवचन देत नाहीत. वर्षभर येथे राहा, तप करा, मग हवे ते विचारा, ठाऊक असेल तर सांगेन, असे ते म्हणतात. ‘ठाऊक असेल तर’ हे शब्द नीट ऐकण्यासारखे आहेत. गीतेतही ज्ञानप्राप्तीच्या साधनांत ‘परिप्रश्न’ हा शब्द येतो. आधुनिक शिक्षणशास्त्र ज्याला अन्वेषणाधारित अध्ययन म्हणते, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे: विद्यार्थ्यापुढे उत्तर ठेवण्याआधी एक खरीखुरी अडचण ठेवायची, त्याने अंदाज बांधायचा, पुरावा शोधायचा, अंदाज चुकला तर तो मोडायचा आणि पुन्हा बांधायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही जिज्ञासा आणि शोध यांवर आधारलेल्या अध्यापनाचा आग्रह आहे. धोरणाचा कागद वर्गाच्या दारापर्यंत येतो. उंबरठा ओलांडून तो आत कसा यावा, हा खरा प्रश्न आहे.

पुरातत्त्वाच्या बाबतीत तर एक मोठीच अडचण आहे. रसायनशास्त्राचा प्रयोग फसला तर परीक्षानळी धुऊन तो पुन्हा करता येतो. उत्खननाचे तसे नाही. मातीचा एक थर एकदा उचलला की तो कायमचा गेला. म्हणून तर पुरातत्त्वज्ञ प्रत्येक खापराची, प्रत्येक खड्ड्याची जागा नोंदवून ठेवतात, नकाशे काढतात, छायाचित्रे घेतात. तेव्हा पदवीच्या वर्गातील साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एकदा इनामगाव खणू द्यावे, ही कल्पना वास्तवात अशक्य आहे.

परंतु संगणकावर ती शक्य आहे, आणि आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

आभासी विश्व म्हणजे काय, हे तरुणांना समजावून सांगण्याची गरज नाही. मोबाईलवरील खेळांत ते रोज तेथे वावरतात. वडीलधाऱ्यांसाठी थोडे सांगावे लागेल. संगणकाने निर्माण केलेली अशी जागा, जेथे आपण एका प्रतिमेच्या रूपाने चालतो, वळतो, वस्तू उचलून पाहतो, दुसऱ्या माणसाशी बोलतो. २००३ साली अमेरिकेत ‘सेकंड लाइफ’ नावाचे असे विश्व सर्वांना खुले झाले. पुढील काही वर्षांत पाश्चात्त्य विद्यापीठांची तेथे रीघ लागली. आभासी बेटे विकत घेऊन त्यांनी वर्ग, ग्रंथालये, सभागृहे उभारली. गंमत अशी की अनेकांनी तेथेही तेच केले जे ते प्रत्यक्षात करत होते. खुर्च्यांच्या रांगा, समोर फळा, आणि बोलणारा एकच! २०१० साली त्या कंपनीने शैक्षणिक संस्थांची सवलत बंद करण्याचे जाहीर केले आणि कित्येकांनी गाशा गुंडाळला. भाड्याच्या जमिनीवर बांधलेले गुरुकुल असे उठवले जाऊ शकते, हा त्यातला धडा आपण आरंभीच घ्यावा. त्याच काळात, २००७ पासून, ‘ओपन सिम्युलेटर’ ही मुक्त संगणकप्रणाली विकसित होऊ लागली. ती महाविद्यालयाच्या स्वतःच्या संगणकावर, बाहेरच्या इंटरनेटवाचूनही, प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यात चालवता येते.

याउलट यशाचेही दाखले आहेत. हार्वर्ड विद्यापीठात ख्रिस डीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रिव्हर सिटी’ नावाचे एकोणिसाव्या शतकातील एक आभासी शहर रचले. शहरातले लोक आजारी पडताहेत, का ते शोधा, एवढेच विद्यार्थ्यांना सांगितलेले. मुले रहिवाशांशी बोलत, पाण्याचे नमुने तपासत, डासांची मोजणी करत. आजार एक नव्हता, अनेक होते; काही पाण्यामुळे, काही कीटकांमुळे, काही संसर्गाने पसरणारे. उत्तर एका वाक्यात संपत नव्हते. तो उपक्रम शाळकरी मुलांसाठी होता. पण त्याचा गाभा विद्यापीठाच्या वर्गालाही तितकाच लागू आहे. रोमच्या बाबतीत बर्नार्ड फ्रिशर यांच्या चमूने इ.स. ३२० मधील अवघे नगर संगणकावर उभे केले आणि २००७ मध्ये ते लोकांपुढे आणले. आपल्याकडेही केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने हंपीच्या डिजिटल वारशाचा प्रकल्प हाती घेतला. २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक अभियानातून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ अर्थात आभासी प्रयोगशाळा निघाल्या, आय.आय.टी. संस्थांच्या जोडीला पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्यात सहभागी झाले. त्या प्रयोगशाळा प्रामुख्याने विज्ञान आणि अभियांत्रिकीसाठी आहेत. कला शाखेचा विद्यार्थी येथेही दाराबाहेरच राहिला.

आता कल्पना करू या की घोड नदीकाठचे ते गाव संगणकावर उभे केले आहे. येथेच पहिला मोह आवरावा लागेल. सुबक घरे, धूर निघणाऱ्या चुली, पारंपरिक वेशातील माणसे, मागे बासरीचे सूर, असा देखावा करणे आज फार अवघड नाही. विद्यार्थी तो दहा मिनिटे पाहील, ‘छान’ म्हणेल आणि बाहेर पडेल. तो चित्रपट झाला. अन्वेषणासाठी आभासी गाव अर्धवट असावे लागते. पुरातत्त्वज्ञांना जे मिळाले, म्हणजे जमीन, चूल, खांबांचे खड्डे, बुटकी मातीची भिंत, खापरे, दाणे, हाडे, ते ठसठशीत दिसावे. छप्पर नसावे. ते विद्यार्थ्याने घालायचे.

आणि छप्पर घालणे किती कठीण आहे, पाहा. खांब किती जाडीचे होते, ते खड्ड्यांवरून कळते. एवढ्या खांबांवर आपल्या भागातले मातीचे धाबे तोलले जाईल काय? की गवताने शाकारलेले उतरते छप्पर असेल? उतार किती ठेवावा? शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पाऊस मुळातच थोडा. मग तेव्हाही तो इतकाच होता, हे गृहीत धरावे काय? एका छपरापासून निघालेला विद्यार्थी चार पावलांत स्थापत्य, वनस्पतिशास्त्र आणि हवामानाच्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोचतो. दोन गटांनी दोन तऱ्हेची छपरे घातली तर वर्गात वाद होईल. तो व्हावा. वादाच्या अखेरीस शिक्षकानेही ‘यापैकी कोणते खरे ते निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य दाखवावे. पिप्पलाद ऋषींना त्यात कमीपणा वाटला नव्हता.

या कामाला जागतिक पातळीवरही एक शिस्त आहे. २००६ साली सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी ‘लंडन चार्टर’ नावाची तत्त्वे मांडली गेली आणि २००९ मध्ये ती सुधारली गेली. त्यांचा आग्रह असा की, चित्रातील कोणता भाग पुराव्यावर उभा आहे, कोणता अनुमानावर आणि कोणता निव्वळ कल्पनेवर, हे पाहणाऱ्याला समजले पाहिजे आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण नोंदवले पाहिजे. विद्यार्थ्याने घातलेल्या छपराखाली त्याचे कारणही लिहिलेले असावे. प्राचीन भारताविषयी अभिमानाने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ही शिस्त दुप्पट कसोशीने पाळली पाहिजे. अतिशयोक्तीने उभारलेला एक खांब कोसळला की शेजारच्या दहा खऱ्या खांबांकडेही जग संशयाने पाहते.

गावाच्या वस्तीचाच प्रश्न घ्या. मोठी घरे मध्यभागी आणि कुंभार, सोनार, मणी घडवणारे, हस्तिदंताचे काम करणारे यांची घरे पश्चिमेच्या कडेला, असे उत्खननात दिसून आले. विद्यार्थ्याने त्या गावातून फेरी मारावी आणि स्वतः ठरवावे: ही उच्चनीचता आहे, की भट्टीचा धूर आणि आगीचा धोका टाळण्याची सोय आहे? येथे वाऱ्याची दिशा तपासावी लागेल. पश्चिमेच्या भट्टीचा धूर पश्चिमेच्या वाऱ्याने गावातच येणार, मग सोयीचा तर्क टिकतो काय? भट्ट्या कोणत्या ऋतूत पेटत असतील? कोणतीही राजकीय भूमिका आधीच ठरवून आलेल्या विद्यार्थ्यालाही, मग ती डावी असो वा उजवी, या फेरीत पुराव्यापुढे थबकावे लागेल.

सर्वांत मोठे कोडे गावाच्या अखेरीचे आहे. आधीची घरे मोठी, चौकोनी होती. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीनंतर लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. शेती घटली आणि शिकारीवरचा भर वाढला, असे दिसते. डॉ. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात, अवर्षणात शोधले. त्यांचे हे विवेचन मराठी वाचकांपर्यंतही पोहोचले. त्यांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते अवश्य मिळवावे. पुढे २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील बालकांच्या अस्थींच्या अभ्यासावर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या वाढीवर झालेला ताण त्या हाडांतून वाचता येतो. केवळ पाऊस कमी झाल्यामुळे हे घडले, हे स्पष्टीकरण त्यांना पुरेसे वाटले नाही. माणसांनी जमिनीचा आणि परिसराचा केलेला वापरही त्यांनी विचारात घेतला. त्याआधी १९८६ मध्ये डॉ. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी इनामगावच्या मानवी अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अर्थात हे कोडे सुटलेले नाही, आणि म्हणूनच ते वर्गात न्यावे.

आभासी गावात हे कोडे असे मांडता येईल: एकाच जागेवर तीन काळांचे तीन थर. विद्यार्थी एका कळीने शतके ओलांडतो. पहिल्या थरात दाणे मोजतो, दुसऱ्यात पाट पाहतो, तिसऱ्यात हरणांची हाडे वाढलेली पाहतो. कृषी शाखेच्या मुलाने पिकांकडे पाहावे, भूगोलाच्या मुलीने नदीकडे, वाणिज्यच्या विद्यार्थ्याने कोठाराच्या आकारावरून किती कुटुंबांचा किती महिन्यांचा शिधा त्यात मावेल याचा हिशेब करावा. शिरूरचा गट अवर्षणाची बाजू मांडील, दौंडचा गट जमिनीच्या ऱ्हासाची. दोन्ही तालुक्यांतील मुलांनी टँकरही पाहिले आहेत आणि उसाखाली खारवलेल्या जमिनीही पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी हा दूरच्या पूर्वजांचा विषय उरणार नाही.

एका गोष्टीविषयी मात्र फार जपावे लागेल. इनामगावला लहान मुलांची दफने घराच्या जमिनीखालीच आढळली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत बालक. आईने आपले लेकरू घराबाहेर पाठवले नाही, चुलीजवळच ठेवले, असे मनात येते. अर्थात तेही अनुमानच. संगणकाच्या पडद्यावर एका टिचकीने असा कुंभ फोडून गुण मिळवायचे, असा खेळ कोणी करू नये. विज्ञान तेथपर्यंत जाईल, पण पादत्राणे बाहेर काढून जाईल, एवढी मर्यादा मांडणीत असावी.

खर्चाचा प्रश्न नेहमी पुढे येतो. डोळ्यांवर चढवायची महागडी यंत्रे घेतल्याशिवाय हे होणार नाही, हा गैरसमज आहे. अशी यंत्रे समितीच्या भेटीपुरती कपाटाबाहेर येतात, हे आपण सारे जाणतो. ब्लेंडरसारखी त्रिमिती रचनेची प्रणाली विनामूल्य मिळते. एका खापराची साध्या मोबाईलने चहूबाजूंनी काढलेली पन्नास-साठ छायाचित्रे जुळवून त्याचे त्रिमित रूप करता येते. हलक्या रचना फोनच्या पडद्यावरही उघडतात. दौंडहून पहाटेच्या गाडीने पाटस, केडगाव, यवत, उरुळी करत पुण्याला शिकायला जाणारा विद्यार्थी रोज काही तास रुळांवर घालवतो. त्यातला अर्धा तास त्याने आपल्याच खोऱ्यातल्या जुन्या गावात घालवला तर बिघडले कोठे? महागडी गोष्ट आहे ती वेगळीच: शिक्षकाचा वेळ. असे एक सत्र नीट रचायला महिने लागतात, आणि आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाला हे महिने कोण देणार? संस्थाचालकांनी संगणक विकत घेण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

मूल्यमापनही बदलावे लागेल. उत्तर बरोबर की चूक यापेक्षा विद्यार्थ्याने कोणता पुरावा वापरला, कोणता दुर्लक्षिला आणि कोणत्या टप्प्यावर आपला अंदाज बदलला, याची वही तपासावी लागेल. ते काम कंटाळवाणे आहे. पण मार्गदर्शकातून उतरवलेल्या साठ एकसारख्या उत्तरपत्रिका तपासण्याइतके कंटाळवाणे नक्कीच नाही.

शेवटी, पडद्यावरचे गाव पाहून झाले की विद्यार्थ्याला घरी पाठवावे. याला कारण आहे. इनामगावच्या घरांत मातीचे गोल ओटे आढळले आणि काही ठिकाणी चार सपाट दगड मांडलेले आढळले. ते कशासाठी, हे पुस्तकांत पाहून कळले नसते. आपल्या खेड्यांत कणगी जमिनीपासून उंच, ओट्यावर ठेवतात, म्हणजे ओल लागत नाही. त्यावरून ते गोल ओटे कणग्यांचे असावेत, आणि चार दगडांवर चार पायांचे रांजण उभे राहत असावेत, असा अर्थ लागला. तेव्हा पहिला गृहपाठ हाच द्यावा: घरी आजीला विचारावे की पूर्वी धान्य कशात ठेवत, कणगीला आतून-बाहेरून काय लिंपत, पेव उघडताना त्यात लगेच उतरू का देत नसत. तिची उत्तरे वहीत लिहून आणावीत, तिच्या शब्दांत. मग पुढच्या सोमवारी आभासी गावातील त्या पाच खोल्यांच्या घरात जाऊन, ओट्यावर कोणत्या आकाराची कणगी मावते, ते मोजून पाहावे.